बिबट्याचा भोंगा आणि मोबाईलबंद तास

आमच्या गावात लोक दोन गोष्टींना घाबरतात, असं आमचे भाऊसाहेब म्हणतात. एक उसातला बिबट्या आणि दुसरं माझं तोंड. भाऊसाहेब म्हणजे पंचायतीचे ग्रामसेवक. भला माणूस, पण माझ्यापुढं त्यांचा आवाज खाली जातो. मी पंचायतीची सदस्य आहे. आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा घरातल्या कारभाऱ्यांनी माझं नाव टाकलं आणि वर समजूतही घातली, "तू नुसत्या सह्या कर, बोलायचं आमी बघतो." ते पहिल्याच मीटिंगला मोडलं. नळाच्या पाइपांवरून मी अशी काही बोलले की सरपंचांनी चहा अर्धा सोडला. तेव्हापासून नवरा मीटिंगला येत नाही. तो पिकअपमध्ये टोमॅटो भरून नारायणगावच्या मार्केटला जातो आणि सुखात असतो.

पण सांगायची आहे ती गोष्ट माझ्या तोंडाची नाही, माझ्या मुलीच्या हसण्याची आहे.

मुलगी नववीत. तिचं हसणं म्हणजे एक प्रकरणच होतं. आधी श्वास आत ओढायची, मग खांदे हलायचे, आणि मग मान मागं टाकून अशी सुटायची की गोठ्यातल्या गाई कान टवकारायच्या. वरच्या रांगेत तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे, तो हसताना पुढं यायचा. माझ्या आईचाही तसाच होता. सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या जातीनं येवढं मोठ्यानं हसू नये," आणि पुढच्याच मिनिटाला स्वतःच तिची काहीतरी खोडी काढायच्या. मी घरामागच्या गोठ्यात धार काढत असले तरी आत आजी-नातीचं काय चाललंय ते मला त्या आवाजावरून कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात निमगाव सावाला माझ्या भाचीचं लग्न होतं. हळदीला माझा भाऊ, म्हणजे नवरीचा मामा, नाचायला उठला. फेट्याचा शेमला पायात गुंतला आणि मामा मांडवात बसले ते बसलेच. मामांना काही झालं नाही. माझ्या मुलीला झालं. ती हसली, आणि कुणीतरी ते हसणं मोबाईलात धरलं. नंतर त्यावर घोडीच्या खिंकाळण्याचा आवाज चढवला आणि रील करून सोडून दिलं. आमच्याकडं बैलगाडा शर्यतीत बैलांपुढं घोडी पळते, तिचे व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलात असतात. आवाज शोधायला त्या शहाण्याला फार लांब जावं लागलं नसणार.

मला हे कळायला दीड महिना लागला. एका सकाळी ती आरशासमोर ओठ दाबून दात बघत होती आणि तिचा मोबाईल मोरीच्या कठड्यावर उघडा पडला होता. मी कॉमेंट वाचल्या. ज्यांनी माझ्या लेकीला उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, अशी माणसं तिच्या दातांवर अक्कल पाजळत होती. माझा पारा चढला. मी मोबाईल उचलला, तशीच गोठ्यात गेले आणि गुरांच्या पाण्याच्या हौदात टाकला. म्हैस पाणी पिता पिता दचकून मागं सरली.

मला वाटलं, काटा निघाला. काटा कसला निघतोय! तीन दिवस पोरगी माझ्याशी शब्द बोलली नाही. तिचा मोबाईल बुडाला तरी ते रील लोकांच्या मोबाईलात फिरतच होतं. आधी निदान ते कुठं पोचलंय हे तिला दिसत होतं, आता तेही दिसेना. ती भिंतीकडं तोंड करून जेवायला लागली. ओढणी कायम ओठांवर. आणि हसणं पार बंद झालं. सासूबाईंनी सगळ्या खोड्या काढून पाहिल्या. कवळी उलटी घालूनसुद्धा पाहिली. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी धार काढताना आतून काहीच ऐकू यायचं नाही आणि मला गोठ्यात बसवायचं नाही.

पाऊसपाणी उरकलं आणि पंचायतीत वरून एक परिपत्रक आलं. भाऊसाहेबांनी ते मीटिंगमध्ये वाचलं. मुलांचं मानसिक आरोग्य, समाजमाध्यमांचा अतिवापर, पालकांची जबाबदारी, अशी दोन पानं भरून भाषा होती. त्यातलं कामाचं एवढंच: शाळेत समुपदेशकांचं व्याख्यान ठेवावं, ग्रामसभा घ्यावी, गावानं रोज ठरावीक वेळ मोबाईलविना पाळावी, आणि तशी वेळ पाळल्याचे फोटो त्याच वेळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "ताई, मोबाईल खाली ठेवलेल्या माणसांचा फोटो काढायचा कशानं?"

टीव्हीवर तर तेव्हा रोजच हा विषय. परदेशात कुठं सोळा वर्षांखालच्या पोरांना बंदी घातली, आपल्याकडं वयाची अट घालावी की नको, यावर चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी बोलत असायची. सासूबाईंना वाटायचं ही भाऊबंदकी चाललीय. मी मात्र कान देऊन ऐकायची. कारण सरकारनं काय करावं हे मला कळत नव्हतं, आणि आईनं काय करावं हे तर त्याहून कळत नव्हतं.

व्याख्यानाच्या दिवशी हायस्कूलच्या हॉलमध्ये पडदा लावला, मशीन लावलं आणि लाईट गेली. समुपदेशक मॅडम तालुक्याहून आल्या होत्या. तरुणच होत्या. त्यांनी सरळ सगळ्यांना बाहेर लिंबाखाली बसवलं आणि विचारलं, "जेवताना मोबाईल कोण कोण बघतं? हात वर करा." मोठ्यांपैकी एकाचाही हात वर गेला नाही. पोरांनी मात्र आपापल्या आईबापांकडं बोटं दाखवली. असा गोंधळ उडाला की मुख्याध्यापकांना घंटा वाजवावी लागली. माझी मुलगी सगळ्यात मागं, ओढणीत तोंड घालून बसली होती. आपल्या बापाकडं बोट दाखवायची एवढी आयती संधी तिनं घालवली, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

नंतर मी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हौदाचं जरा अभिमानानंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा राग समजतो. पण तिच्या बाजूनं बघा. हसणं लोकांनी नेलं आणि मोबाईल तुम्ही." मला आधी राग आला. घरी येईपर्यंत तो उतरला, कारण खरं होतं ते.

मॅडम जुन्नरला सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बसायच्या. आम्ही मायलेकी एसटीनं जायला लागलो. मुलगी आत, मी बाहेर बाकड्यावर. माझ्यासारख्या बाईला आत काय चाललंय हे न विचारता तासभर बसणं म्हणजे सत्त्वपरीक्षाच. चौथ्या खेपेला मॅडमनी मुलीला विचारून मला आत बोलावलं. मुलगी जमिनीकडं बघत म्हणाली, "मम्मी, मला हसायला येतं. आतून येतं. पण आलं ना, की आधी बघते, कुणाच्या हातात मोबाईल हाय का. असतोच."

येताना एसटीत मी तो शब्द मनात घोळवत बसले. असतोच. मी मान वर करून बसमध्ये पाहिलं. कंडक्टर सोडून सगळ्यांच्या हातात होता. माझ्या मांडीवरही होता. त्या दिवशी मी ठरवलं की आख्ख्या दिवसात एक वेळ अशी आणायची, जेव्हा तो कुणाच्याच हातात नसेल. परिपत्रकाचं काय व्हायचं ते होवो, मला माझ्या पोरीचं हसणं परत पाहिजे होतं.

ग्रामसभेत मी ठराव मांडला, संध्याकाळी सात ते साडेआठ मोबाईल बंद. विरोध झालाच. एक जण म्हणाला, "मग मार्केटचा भाव कसा बघायचा?" दुसरा म्हणाला, "पावणं आलं तर त्येंच्याशी बोलायचं काय?" मी अर्धा तास बोलले. ठराव पटला म्हणून पास झाला की मी खाली बसावं म्हणून, ते माहीत नाही. पंचायतीचा प्रिंटर नेहमीप्रमाणे बंद होता, म्हणून भाऊसाहेबांनी ठराव माझ्या मुलीकडून लिहून घेतला. तिचं अक्षर म्हणजे मोती.

आता सात वाजले हे गावाला कळणार कसं? पंचायतीच्या लाऊडस्पीकरचा ॲम्प्लिफायर गणपतीतच जळला होता. तेव्हा मला एक नामी युक्ती सुचली. पंचायतीच्या छतावर बिबट्यासाठीचा भोंगा आहे. उसाच्या कडेला बिबट्या दिसला की तो वाजतो आणि लोक घरात जातात. खाली खोलीत त्याचं बटणही आहे. मी म्हटलं, "हाच वाजवू एक मिनिट. फुकटात काम."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लोकांना कळंल का पण, कशाचा हाय त्यो?"

मी म्हटलं, "ग्रुपवर टाकलंय, फळ्यावर लिहिलंय, न कळायला काय झालं?"

आज सांगायला हरकत नाही. ग्रुपवरचा माझा मेसेज गुलाबाच्या फुलांखाली आणि शुभ सकाळीखाली गाडला गेला होता आणि फळा वाचायची सवय आमच्या गावाला कधीच नव्हती.

पहिल्या दिवशी ठीक सातला मी स्वतः बटण दाबलं. भोंगा असा काही ओरडला की मीच दोन पावलं मागं सरले. खिडकीतून बघते तर रस्त्यावर पळापळ. बायांनी पोरं ओढून घरात घातली. सलूनमधला एक गडी अर्धी दाढी झालेली, साबणासकट समोरच्या किराणा दुकानात शिरला आणि दुकानदारानं आतून शटर ओढलं. पलीकडच्या पडीक रानात मेंढ्या बसवल्या होत्या, त्या मेंढपाळानं जाळ मोठा केला आणि त्याची कुत्री भुंकायला लागली. दोन मिनिटांत रस्ता साफ. आणि दारं लावून घेतल्यावर आमच्या गावानं काय केलं? मोबाईल काढले.

भाऊसाहेबांच्या हातातला मोबाईल थांबायलाच तयार नाही. 'शाळेमागं हाय.' 'दोन हायेत.' 'संग पिल्लंबी हायेत.' एकानं तर फोटोही टाकला, मागच्या वर्षीचा. एवढ्यात वनखात्याच्या माणसांचा फोन आला की आम्ही निघालोय. ज्या मिनिटाला सगळ्यांनी मोबाईल ठेवायचा, त्या मिनिटाला आख्ख्या गावात मोबाईल न धरलेला माणूस शोधून सापडला नसता. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मी कपाळाला हात लावून उभी होते. आणि मग मला दिसलं, त्या मोकळ्या रस्त्याच्या मधोमध माझी मुलगी एकटी चालत येतेय. गावात ठराव नीट वाचलेली ती एकटीच, कारण तिनंच तो लिहिला होता. किती महिन्यांनी ती अशी रस्त्याच्या मधून चालत होती! नाहीतर भिंतीच्या कडेकडेनं जायची. ती आत आली आणि ओढणीतून म्हणाली, "मम्मी, बंद कर. लोकांना बिबट्या वाटला."

तिनं श्वास आत ओढला. खांदे हलायला लागले. मी बघतच राहिले. मनात म्हटलं, आलं, आता येतं. तेवढ्यात भाऊसाहेबांचा मोबाईल परत वाजला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि खांद्यापर्यंत आलेलं हसू माघारी गेलं. त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती, पण तो मोबाईलही हौदात टाकावा असं मला वाटलं.

पुढचे आठ दिवस माझं तोंड बंद होतं आणि गावाचं उघडं. वनखात्याची माणसं चहा पिऊन, पोट धरून हसून गेली. रस्त्यानं जाताना लोक विचारायचे, "ताई, आज किती बिबटे?" मी निमूट ऐकून घेतलं. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं. नवऱ्यानं न बोलता पंचायतीचा ॲम्प्लिफायर पिकअपमध्ये टाकला आणि नारायणगावहून दुरुस्त करून आणला. म्हणाला, "आता माणसाच्या आवाजात सांगा."

कुणाच्या पण? भाऊसाहेबांनी एक दिवस सांगून पाहिलं. त्यांचा आवाज असा की सगळ्यांना वाटलं गावात कुणी गेलं. सरपंच लांबण लावायचे, साडेसात झाले तरी भाषण चालूच. मला कुणी विचारलंच नाही. शेवटी घरी जेवताना मुलगी भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "मी सांगते. पण खोलीचं दार बंद पायजे. आत कुणी नाय पायजे." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी ताटाकडं पाहिलं. दोघीही गप्प राहिलो, आणि आमच्या घरात हा चमत्कारच होता.

पहिले दोन-तीन दिवस अगदी रेल्वेतल्यासारखं. "सात वाजले आहेत. कृपया सर्वांनी मोबाईल ठेवावेत." चौथ्या दिवशी ती म्हणाली, "सात वाजले. हा बिबट्या नाही, मी आहे." सगळ्या ओट्यांवर हशा पिकला. तिला बंद दारातून तो ऐकू आला असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून पोरगी सुटलीच. पंचायतीच्या खिडकीतून अर्धं गाव दिसतं. "चावडीमागच्या ओट्यावर तीन तोंडं निळी दिसतायत. धुऊन या." "देवळाच्या पायरीवर एक काका मोबाईल खिशात घालतायत, काढतायत, घालतायत, काढतायत. काका, दमाल." नाव कुणाचंच घ्यायची नाही. लोक सात वाजायच्या आधीच बाहेर येऊन बसायला लागले, आज कुणाचा नंबर लागतोय ते ऐकायला.

त्या दीड तासाचं करायचं काय, हे मात्र गावाला शिकावं लागलं. सुरुवातीला सगळे सुतकात बसल्यासारखे बसले. नवऱ्यानं मला विचारलं, "मग? आता काय बोलायचं?" सतरा वर्षांचा संसार झाला आणि माणूस विचारतोय काय बोलायचं! मग हळूहळू बायका लसूण सोलायला, मेथी निवडायला ओट्यावर यायला लागल्या. पुरुषांचे पत्ते निघाले. पोरं रस्त्यात लगोरी खेळायला लागली. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ एका संध्याकाळी बांधावरून कडकडून भांडले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. भाऊसाहेब रोज पावणेसातलाच सगळ्यांना ओट्यावर बसवून 'मोबाईलबंद तासाचा' फोटो काढून घ्यायचे आणि सातला वर पाठवायचे. आमचं गाव मोबाईल सोडायच्या आधी रोज पंधरा मिनिटं कॅमेऱ्याकडं बघून मोबाईल सोडल्याचं नाटक करायचं.

शेवटी नियम मोडणारं एकच घर उरलं, आमचं. धाकट्या दिरानं सासूबाईंना मोठ्या पडद्याचा मोबाईल घेऊन दिला होता. तळणीच्या रील बघायचं त्यांना वेड. वडे, भजी, चकल्या, काहीही तळलेलं चालतं. त्यांना स्वतःला तेलकट मना आहे. सातचा आवाज आला की त्या माजघरात गोधडी पांघरून पडायच्या आणि गोधडीतून कढईचा चुरचुर आवाज यायचा. मी गावाला शिकवणार आणि माझ्याच घरात हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण सांगते कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

जानेवारीतली गोष्ट. थंडी मी म्हणत होती. मी गोठ्यात धारेला बसले होते. सात वाजून गेले होते आणि स्पीकरवरून मुलीचा आवाज आला.

"एक तक्रार आहे. पंचायतीच्या एका सदस्यबाईंच्या घरात, माजघराच्या खिडकीतून, गोधडीखाली उजेड दिसतोय. गोधडी मोबाईल बघत नाही. म्हणजे आत कुणीतरी आहे."

माझा हात सडावरच थांबला. घरात खाटेचा आवाज झाला, दार आपटलं, आणि सासूबाईंच्या चपला तरातरा रस्त्यानं गेल्या. चला, म्हटलं, आज पंचायतीत महाभारत.

पंचायत आमच्या घरापासून चार घरं पुढं. मुलगी रोज बोलून झालं की माईक बंद करायची. त्या दिवशी राहिला. आधी दाराची कडी वाजली ती लाऊडस्पीकरच्या चारही कर्ण्यांतून. मग सासूबाई, आख्ख्या गावाला.

"का गं भवाने! गावात अब्रू काढतीस व्हय माझी?"

"आज्जी, माईक..."

"माईक गेला खड्ड्यात! मी काय त्ये रीलबिल बघत न्हवते. ही बाई भजी तळतीय ह्यात. तेल तापलंय तिचं. आर्ध्यात कशी सोडू तिला?"

मागून त्या बाईचा गोड आवाजही येत होता, आता यात चिमूटभर सोडा घालूया.

"आज्जी, आधी ते बंद कर!"

"मला बंद करता येत असतं तर गोधडीत कशाला घेतलं असतं?"

मग एक श्वास आत ओढल्याचा आवाज आला. तो श्वास मी हजारांत ओळखला असता. गाईनं मान वर करून कान टवकारले. आणि माझी पोरगी हसली. ओढणीतून नाही, हातामागून नाही. मान मागं टाकून, खिंकाळून, धाप लागेपर्यंत, थांबून पुन्हा सुरू होऊन. चार कर्ण्यांतून ते हसणं गावावर पसरलं, उसावर गेलं, गावापलीकडच्या धरणाच्या पाण्यापर्यंत गेलं असेल. मला रडू आलं. गाईच्या पोटाला डोकं टेकून मी मनसोक्त रडले आणि रडता रडता हसले. वासरू कधी सुटलं आणि कधी सगळं दूध पिऊन बसलं, पत्ता लागला नाही. त्या दिवशी डेअरीला आमचं दूध गेलं नाही.

मग गाव हसायला लागलं. ह्या ओट्यावरून त्या ओट्यावर नुसता हशा. आणि तेव्हा मला ते रील आठवलं. कुणी रेकॉर्ड केलं असेल तर? पुन्हा तेच रील, पुन्हा घोडी? मी हात न धुता रस्त्यावर पळाले आणि सगळ्यात आधी लोकांचे हात पाहिले, माझी मुलगी बघायची तसेच. एकीच्या हातात मेथीची जुडी. एकाच्या हातात पत्ते. सलूनवाल्याच्या हातात शेंगा. एक म्हातारा दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. म्हणाला, "ताई, लई दिसांनी असं हसलो बघा."

सकाळी उठल्याबरोबर मुलीनं माझा मोबाईल मागितला. मी दिला. ती उंबऱ्यावर बसून सगळे ग्रुप बघत होती, वर, खाली, पुन्हा वर. गुलाबाची फुलं होती, शुभ सकाळ होती, कांद्याच्या रोपांची जाहिरात होती. एकानं लिहिलं होतं, 'काल लई मजा आली राव.' बस, एवढंच.

"मम्मी, खरंच कुणी नाय केलं रेकॉर्ड?"

"कुणी नाय. सगळ्यांचे मोबाईल घरात होते."

तिनं आणखी एकदा पाहिलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

थोड्या वेळानं भाऊसाहेब आले, हातात अहवालाचा फॉर्म. प्रिंटर अजून बंदच होता. हळहळत म्हणाले, "ताई, कालचं कुणाकडं तरी असायला पायजे व्हतं. वर पाठवलं असतं, उपक्रमाचं नाव झालं असतं. सगळीकडं विचारून आलो. आख्ख्या गावानं ऐकलंय आणि एकाकडंबी नाय!"

मुलीनं त्यांच्याकडून फॉर्म घेतला आणि ओट्यावर बसून आपल्या मोत्यासारख्या अक्षरात भरायला लागली. गावाचं नाव, वेळ, सहभागी घरं. खाली शेवटचा रकाना होता, व्हिडिओ पुरावा. तिनं मान वर केली.

"इथं काय लिहू?"

"नाही, असं लिही," मी म्हटलं.

तिनं 'नाही' लिहिलं. मग ती ओळ मोठ्यानं वाचली, "व्हिडिओ पुरावा, नाही." तेवढ्यात माजघरातून सासूबाईंची हाक आली, "अगं ए, त्या बाईची भजी झाली का बघ गं जरा!" पोरीनं श्वास आत ओढला, आणि तिथंच, भाऊसाहेबांच्या समोर, भर उजेडात, पेन हातात धरून हसली. तो चढलेला दात पुढं आला. भाऊसाहेबांचा मोबाईल त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. तो तिथंच राहिला.